पत्र्याची धूळ

मे महिना संपत आला, की आमच्या भिवंडीत छपरांची कामे निघतात. पाऊस तोंडावर आलेला असतो. कोणी कौले बसवून घेतो, कोणी पत्र्याच्या भोकांत डांबर भरतो, तर कोणी तडा गेलेला पत्राच बदलतो. यंत्रमागाच्या कारखान्यांवर आणि गल्लीबोळांतल्या घरांवर करड्या रंगाचे, नागमोडी, जाड पत्रे तुम्ही पाहिलेच असतील. कदाचित आता ज्या छपराखाली बसून तुम्ही हा पाठ वाचत आहात, तेही तसेच असेल. लोक त्यांना 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात. त्यांतल्या जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर आणखी एक वस्तू असते. तिचे नाव ॲस्बेस्टॉस.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी नववीच्या वर्गात मी हजेरी घेत होतो. नेहमी पहिल्या बाकावर बसून बडबड करणारा एक मुलगा त्या दिवशी गप्प होता. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, मला कॅन्सर होणार का?"

मी चमकलो. चौकशी केली तेव्हा सारा प्रकार कळला. आदल्या दिवशी, रविवारी, त्याच्या घराचे तीन पत्रे बदलायचे होते. मिस्त्रीने जुने पत्रे हातोडीने फोडून खाली टाकले. एक पत्रा मात्र अर्धाच खराब होता, म्हणून त्याने तो विजेच्या ग्राइंडरने कापला. पत्रा हलू नये म्हणून हा मुलगा तो धरून बसला होता. पांढरी धूळ नुसती उधळत होती. त्याचे केस, पापण्या, सदरा, सगळे पांढरे झाले. धाकटी बहीण हसून म्हणाली, "भाईजान, तुम्ही तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसता!" काम संपल्यावर अम्मीने झाडूने सगळे घर झाडून काढले. संध्याकाळी शेजारच्या एका माणसाने सांगितले, की या धुळीने कॅन्सर होतो. मग काय! रात्रभर त्या मुलाला झोप नाही.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. 'काही होत नाही रे' असे म्हणणे सोपे होते; पण ते खरे आहे की नाही, हे मलाच माहीत नव्हते. माझा एक जुना विद्यार्थी ठाण्याला छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. शाळा सुटल्यावर मी त्याला फोन लावला. तो जे म्हणाला आणि नंतर मी जे वाचले, ते तुम्हांला सांगतो.

ॲस्बेस्टॉस हा दगड आहे. पण अजब दगड आहे. इतर दगड फोडले, तर त्यांचे खडे आणि माती होते. हा दगड फोडला, तर त्याचे तंतू निघतात, कापसासारखे! त्या तंतूंचे सूत काढता येते, कापड विणता येते आणि ते कापड आगीत टाकले तरी जळत नाही. जुन्या काळी या तंतूंच्या दिव्याच्या वाती करत. म्हणून अरबी भाषेत याला 'हजर-उल-फतीला', म्हणजे 'वातीचा दगड', असे नाव पडले. 'ॲस्बेस्टॉस' हा मूळचा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'न विझणारा' असा आहे. मार्को पोलो या प्रवाशानेही आगीत घालून स्वच्छ करता येणाऱ्या कापडाविषयी लिहून ठेवले आहे.

आग लागत नाही, सडत नाही, गंजत नाही, शिवाय स्वस्त! मग कारखानदारांना ही वस्तू का आवडू नये? विसाव्या शतकात आगगाड्या, जहाजे, बॉयलर, वाफेचे नळ, गाड्यांचे ब्रेक, छपरे, पाण्याचे पाइप, सगळीकडे ॲस्बेस्टॉस आला. छपराच्या पत्र्यात तो साधारण दहावा भाग असतो. बाकीचे बहुतेक सिमेंट आणि राख. सिमेंटमध्ये तंतू घट्ट अडकलेले असतात, म्हणून चांगला, अखंड पत्रा डोक्यावर असला तर घाबरण्याचे कारण नाही. तो कापला, फोडला, घासला किंवा त्याला भोक पाडले, की तंतू मोकळे होतात आणि हवेत मिसळतात. फार जुना झालेला, ऊनपावसाने झिजलेला पत्राही तंतू सोडू लागतो.

हे तंतू केवढे असतात? आपल्या डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत असे शंभर तंतू शेजारी शेजारी मावतील, इतके बारीक तंतू या धुळीत असतात. म्हणजे जी पांढरी धूळ आपल्याला दिसते, ती खरी काळजीची नव्हे. जी दिसत नाही, ती काळजीची. मोठे कण नाकात अडकतात, शिंकेबरोबर किंवा खोकल्याबरोबर बाहेर पडतात. बारीक तंतू मात्र श्वासाबरोबर थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात.

आपल्या शरीरात पहारेकऱ्यांसारख्या पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू किंवा कण त्या गिळून टाकतात. ॲस्बेस्टॉसचा लांब तंतू मात्र त्यांना गिळता येत नाही. तो त्यांच्यापेक्षाही लांब असतो. पेशी त्याला अर्धवट गिळते आणि मरते. मग दुसरी येते, तीही मरते. अशी वर्षानुवर्षे झटापट चालते. जिथे ही झटापट चालते, तिथे सूज येते, जखमेवर धरतो तसा व्रण धरतो आणि मऊ फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. श्वास पुरा भरत नाही. या रोगाला 'ॲस्बेस्टोसिस' म्हणतात. याच तंतूंमुळे काही जणांना फुप्फुसाचा कर्करोगही होतो. फुप्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणाचा 'मेसोथेलिओमा' नावाचा एक कर्करोग आहे. तो एरवी फार क्वचित आढळतो. आढळला, की डॉक्टर पहिल्यांदा ॲस्बेस्टॉसचीच चौकशी करतात.

आणखी एक विचित्र गोष्ट. हे रोग लगेच होत नाहीत. धूळ आज पोटात... चुकलो, छातीत गेली, तर रोग दिसायला दहा, वीस, कधी चाळीस वर्षे लागतात. म्हणूनच लोक फसले. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी नेली केरशॉ नावाची एक बाई ॲस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कारखान्यात काम करत असे. ती लहान वयातच कामाला लागली होती. 1924 साली ती वारली, तेव्हा तिचे वय अवघे 33 होते. डॉक्टर कुक यांनी तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर त्यांत ॲस्बेस्टॉसचे कण आणि तंतू सापडले. मालकांनी तिच्या घरच्यांना भरपाई दिली नाही. पुढे 1960 साली दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर वॅग्नर यांनी मेसोथेलिओमाच्या 33 रुग्णांची माहिती छापली. त्यांत खाणीत काम न केलेले लोकही होते. लहानपणी खाणीच्या आसपास राहिलेले, तेवढाच त्यांचा संबंध. तिथला ॲस्बेस्टॉस निळा होता आणि तो सर्वांत घातक समजला जातो. आपल्याकडच्या पत्र्यांत बहुतेक पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. पण पांढरा म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र समजू नका. ॲस्बेस्टॉसच्या सर्व जातींमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे.

हे वाचून तुम्हीही त्या मुलासारखे घाबरला असाल. थांबा. डॉक्टरांचे बोलणे अजून सांगायचे आहे.

फोनवर सगळी हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाला, "सर, आधी त्या मुलाला सांगा, पळत दवाखान्यात येऊ नकोस. आज एक्स-रे काढला तर त्यात काहीही दिसणार नाही. उगीच पैसे जातील. तंतू बाहेर काढणारे औषध नाही, इंजेक्शनही नाही. कोणी गूळ खा म्हणेल, कोणी काढा पी म्हणेल. त्याने काही होत नाही."

मी म्हणालो, "मग त्याने करायचे तरी काय?"

"एका दुपारच्या धुळीने रोग होण्याचा संभव फार थोडा असतो, सर. अगदी शून्य आहे, असे मी म्हणणार नाही. पण फार थोडा. ज्यांना हा रोग होतो, ते बहुतेक महिनोन् महिने, वर्षानुवर्षे ही धूळ घेतलेले असतात. किती धूळ आणि किती दिवस, यावर सगळे अवलंबून असते. तेव्हा कालची धूळ गेली ती गेली. आता घरात जी उरली आहे, ती रोज रोज छातीत जाऊ नये, हे पाहा. झाडूने घर झाडले म्हणालात ना? ती सगळी माळ्यावर आणि अंथरुणांवर जाऊन बसली असेल."

हे मात्र माझ्या लक्षातच आले नव्हते. संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे अब्बा यंत्रमागावरून नुकतेच परतले होते. आम्ही सगळ्यांत आधी पंखा बंद केला. लहान मुलांना खालाच्या घरी पाठवले. मग डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे कामाला लागलो.

या धुळीशी वागण्याची रीत तशी सोपी आहे. कोरडे काही करायचे नाही. सगळे ओले करून करायचे. झाडू मारायचा नाही, कपडा झटकायचा नाही, फुंकर मारायची नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही वापरायचा नाही. बारीक तंतू त्याच्या पिशवीतून आरपार जातात आणि पुन्हा हवेत उडतात. आम्ही एका बादलीत पाणी घेऊन त्यात थोडा साबण टाकला. जुन्या लुंगीचे फडके केले. माळा, फळ्या, खिडकीचे गज, पलंगाच्या खालची फरशी ओल्या फडक्याने पुसली. फडके एकदा पुसून झाले, की त्याची घडी आत दुमडायची आणि नव्या बाजूने पुसायचे. काम संपल्यावर सगळी फडकी ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि तोंड दोरीने बांधले.

मुलाचा रविवारचा सदरा कोपऱ्यात गोळा होऊन पडला होता. अम्मी म्हणाल्या, "धुऊन टाकते ना, सर. नवा आहे." मलाही वाईट वाटले. पण धूळ भरलेला कपडा इतर कपड्यांबरोबर धुतला, तर धूळ सगळ्यांच्या कपड्यांना लागते. तोही ओला करून त्याच पिशवीत गेला.

खरे तर रविवारीच, धूळ बसल्या बसल्या, काही गोष्टी करायला हव्या होत्या. त्या जागेवरून लगेच बाजूला व्हायचे. कपडे घरात येण्याआधीच, दाराबाहेर, पाणी शिंपडून हलक्या हाताने काढायचे. सदरा डोक्यावरून ओढून काढू नये, कारण मग सगळी धूळ तोंडावर येते. बटणांचा असेल तर बटणे सोडून काढावा, बनियन असेल तर सरळ कात्रीने कापावे. मग डोक्यावरून साबण लावून भरपूर पाण्याने अंघोळ करायची. केस, कान, नखे नीट धुवायची. नाक शिंकरायचे, चूळ भरायची. धुळीच्या हाताने खायचे नाही, पाणीही प्यायचे नाही. यातले काही त्या मुलाने केले होते, काही नव्हते. उशिरा का होईना, त्याने पुन्हा एकदा डोके धुतले.

फोडलेल्या पत्र्याचे तुकडे अजून अंगणात पडून होते आणि गल्लीतली पोरे त्यांवर उड्या मारून ते फोडत होती. 'कडाड्' असा आवाज येतो ना, त्याची मजा वाटते. मीही लहानपणी केले आहे. त्या पोरांना पिटाळून आम्ही तुकड्यांवर पाणी मारले, ते न फोडता अलगद उचलले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'ॲस्बेस्टॉस. फोडू नये.' असे तुकडे कचराकुंडीत सुटे टाकू नयेत, रस्त्याच्या खड्ड्यात तर मुळीच भरू नयेत. ते कुठे द्यायचे, हे पालिकेच्या आरोग्य विभागाला विचारावे. आम्ही विचारले. दोन खेपा माराव्या लागल्या, पण नेले त्यांनी.

तोंडाला काय बांधायचे, असे अब्बांनी विचारले होते. रुमाल किंवा ओढणी यांचा इथे उपयोग नाही. करोनाच्या साथीत आपण जे निळे पातळ मास्क लावत होतो, तेही चालत नाहीत. बाजूच्या फटीतून हवा आत येते. अशा कामासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा, अतिसूक्ष्म धूळ अडवणारा, फिल्टर असलेला वेगळा मास्क मिळतो. आम्ही तो बाजारातून आणला. पण मास्क आहे म्हणून पत्रा कापायला हरकत नाही, असे कोणी समजू नये. पत्रा कापायचाच नाही. बदलायचाच असेल, तर स्क्रू सोडवून अख्खा उतरवायचा. आणि जुन्या पत्र्यावर कधीही पाय द्यायचा नाही. तो अचानक मोडतो आणि माणूस सरळ खाली येतो. धुळीचा रोग तीस वर्षांनी येईल. हे मरण त्याच क्षणी येते.

पत्रा साध्या जस्ती लोखंडाचा असेल, तर ही काळजी नको. त्यावर बोटाने टिचकी मारली, की टणत्कार होतो. अलीकडे ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात. पण नुसते पाहून दोन्हींतला फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून जुना सिमेंटचा पत्रा दिसला, की तो ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे.

शेवटी मुलाने एक काम केले. वहीच्या पानावर तारीख, वेळ, किती वेळ धूळ होती, जवळ कोण कोण होते, हे सगळे लिहिले. डॉक्टरने मुद्दाम सांगितले होते. वीस वर्षांनी कोणत्याही डॉक्टरकडे गेला, तर हा कागद दाखवता येईल. माणसाची आठवण तेवढी टिकत नाही.

हे सगळे चालू असताना घराच्या कोपऱ्यात खाटेवर त्या मुलाचे दादा बसले होते. (उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ. इथे मी उर्दूतलेच दादा म्हणतो आहे.) सत्तरी जवळ आलेली. अंगाने वाळलेले. आमची धावपळ पाहून ते हसले आणि म्हणाले, "मास्टरसाहेब, एवढ्याशा धुळीला काय घाबरता? आम्ही तर ही धूळ हाताने उचलत होतो, घमेल्यांनी."

एवढे बोलून त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

मी विचारले, "चाचा, तुम्ही कुठे काम करत होता?"

तेव्हा कळले. तरुणपणी ते मुंबईला दारूखान्यात जहाजे तोडण्याच्या कामावर होते. सतरा-अठरा वर्षे. जुन्या जहाजांच्या इंजिनखोलीत बॉयलर आणि वाफेचे नळ असत. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर ॲस्बेस्टॉसचे जाड वेष्टन असे. कामगार त्याला 'लॅगिंग' म्हणत. ते वेष्टन हातोडी-छिन्नीने तोडून, पोत्यात भरून बाहेर काढायचे, हे दादांचे काम. मास्क नाही, हातमोजे नाहीत. दुपारी तिथेच पोत्यावर बसून भाकरी खायची. संध्याकाळी तेच कपडे अंगावर घेऊन घरी यायचे.

"खोकला किती दिवसांचा आहे?"

"दिवसांचा? पाच-सहा वर्षांचा असेल. दोनदा टीबीची औषधे घेतली. काही फरक नाही. जिना चढलो, की धाप लागते."

मी मुलाकडे पाहिले. एका दुपारची धूळ घेतलेला पोरगा रात्रभर जागला होता, आणि अठरा वर्षे धूळ घेतलेला हा माणूस आम्हांलाच धीर देत होता. दवाखान्यात जायला हवे होते ते यांनी.

त्याच रात्री मी पुन्हा फोन केला. डॉक्टर या वेळी वेगळ्या आवाजात बोलला. "सर, त्यांना याच आठवड्यात आणा. जुने एक्स-रे, टीबीचे कागद, काय असेल ते सगळे आणा. आणि त्यांनी जे काम केले, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे."

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आपल्याकडे खोकला, धाप आणि वजन कमी होणे म्हटले, की पहिला संशय क्षयाचा येतो. तो यायलाच हवा, कारण क्षय आपल्याकडे फार आहे. पण रुग्णाने पूर्वी कोणते काम केले, हे डॉक्टरांनी विचारले नाही आणि रुग्णानेही सांगितले नाही, तर धुळीचा रोग लपून राहतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना त्याच्या नोकरीची हकीकत आपणहून सांगावी. अर्थात क्षयाची औषधे चालू असतील, तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

दादांच्या छातीचा एक्स-रे झाला, नंतर सीटी स्कॅन झाला. एका नळीत जोराने फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजली. थुंकी तपासली, तीत क्षयाचे जंतू नव्हते. फुप्फुसांच्या खालच्या भागात जाळीसारखे व्रण होते आणि बाहेरच्या आवरणावर जाड चट्टे होते. ॲस्बेस्टोसिस. कर्करोग नव्हता. डॉक्टरने दादीलाही तपासायला बोलावले. दादी म्हणाल्या, "मला कशाला? मी कधी जहाज पाहिलेसुद्धा नाही." पण अठरा वर्षे दादांचे धुळीचे कपडे त्यांनीच तर झटकून धुतले होते. जगात अशा कितीतरी बायका केवळ नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडल्या आहेत. सुदैवाने दादींच्या एक्स-रेत काही निघाले नाही.

ॲस्बेस्टोसिस बरा करणारे औषध नाही, हे डॉक्टरने दादांना स्पष्ट सांगितले. मला त्याचा हा सरळपणा आवडला. पण 'औषध नाही' म्हणजे 'करण्यासारखे काही नाही' असे नव्हे. फ्लू आणि न्यूमोनिया यांच्या लसी घ्यायच्या, कारण अशा छातीला साधा तापही जड जातो. श्वासाचे व्यायाम करायचे. ठरावीक काळाने तपासणीला यायचे. छातीत दुखू लागले, थुंकीतून रक्त आले, आवाज बसला किंवा वजन झपाट्याने उतरले, तर तारखेची वाट न पाहता यायचे. आणि बिडी सोडायची.

बिडीचे नाव काढताच दादांनी मान फिरवली. "पन्नास वर्षांची सोबत आहे. आता सोडून काय मिळणार?"

डॉक्टर म्हणाला, "चाचा, अमेरिकेत डॉक्टर सेलिकॉफ म्हणून होते. जहाजांत आणि इमारतींत असेच वेष्टनाचे काम करणाऱ्या हजारो कामगारांची त्यांनी पाहणी केली. जो माणूस सिगारेट ओढत नाही आणि ही धूळही घेत नाही, त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका एक धरा. नुसती धूळ घेणाऱ्याला तो सुमारे पाच पट. नुसती सिगारेट ओढणाऱ्याला सुमारे अकरा पट. आणि दोन्ही करणाऱ्याला किती असेल?"

नातू पटकन म्हणाला, "सोळा."

"सोळा नाही. पन्नासच्या वर. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. धूळ तर आता बाहेर काढता येत नाही. बिडी मात्र खिशातून काढता येते. आज सोडली, तर धोका आजपासून उतरायला लागेल."

दादांनी बंडल टेबलावर ठेवले. काडेपेटी मात्र खिशातच राहिली, हे मी पाहिले. नंतर महिनाभर त्यांनी नातवाला फार छळले. पण बिडी सुटली.

आता थोडे कायद्याविषयी. ॲस्बेस्टोसिस हा आपल्या कायद्याच्या यादीतला 'व्यवसायजन्य रोग' आहे. म्हणजे कामामुळे झालेला रोग. विमा उतरवलेल्या कामगाराला कामगार राज्य विमा योजनेतून आणि इतरांना मालकाकडून त्याची भरपाई मागता येते. 1995 सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी एक मोठा निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा काम सुटल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर, मालकाने सांभाळली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. रोग इतक्या उशिरा दिसतो, म्हणूनच ही अट. इंग्लंडने 1999 मध्ये आणि युरोपातील देशांच्या संघाने 2005 पर्यंत ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. ज्या कॅनडातून एकेकाळी जगभर ॲस्बेस्टॉस जात असे, त्या कॅनडानेही 2018 मध्ये तो बंद केला. तिथे 'ॲस्बेस्टॉस' याच नावाचे एक खाणीचे गाव होते. 2020 साली गावकऱ्यांनी मतदान करून गावाचे नावच बदलले. आपल्या देशात 1986 पासून सरकारने खाणींना नवे परवाने देणे थांबवले. पण परदेशातून आणलेला पांढरा ॲस्बेस्टॉस पत्र्यांत घालणे अजून बंद झालेले नाही. याचा मेळ मला तरी लागत नाही.

कागदावर हक्क असला, तरी तो मागायला पुरावा लागतो. दादांचा मुकादम वारला होता. ज्या ठेकेदाराकडे ते होते, त्याचे दुकान कधीच उठले होते. पगार रोखीचा, पावती नाही. शेवटी दादीने जुनी लोखंडी पेटी उघडली. खालच्या थरात, एका लग्नपत्रिकेच्या घडीत, गोदीत शिरण्याचा एक जुना पास निघाला. त्यावर दादांचा तरुणपणीचा फोटो होता आणि एक पुसट शिक्का.

मग नातवाने वही घेतली. दादा सांगत होते आणि तो उर्दूत लिहीत होता : कोणते जहाज, कोणता पावसाळा, बरोबर कोण कोण होते, त्यांतले कोण आज हयात आहेत. सोळा नावे झाली. चार हयात निघाले. दोन मुंब्र्याला, एक कुर्ल्याला आणि एक परत गावी, आझमगडला. त्या चौघांनाही तपासणीसाठी निरोप गेले. सरकारी कार्यालयात द्यायचा अर्ज मराठीतून लिहायचा होता. तो त्या मुलाने लिहिला. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि त्याने अर्ज पुन्हा एकदा स्वच्छ लिहून काढला. खाली दादांनी उर्दूत सही केली.